टीकेच्या पोटातील गृहीते

मंडळी, "ठेकेदार गरिबाला लुबाडतो" हे वाक्य आपल्या गोंदिया जिल्ह्यात कोणी ऐकले नसेल? सभेत टाळ्या पडतात त्या याच वाक्याला. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच्या पोटात काही गोष्टी न बोलताच मानून घेतलेल्या असतात. त्यांना गृहीते म्हणतात. ती तपासली नाहीत, तर दुखणे एक आणि औषध भलतेच, अशी गत होते.

तेंदूपत्त्याचेच पाहा. मे महिन्याच्या उन्हात देवरी-सालेकसाकडची माणसे भल्या पहाटे रानात जातात, पाने तोडतात, घरी बसून पुडे बांधतात. वर्षाचा रोख पैसा बऱ्याच घरांत याच दिवसांत येतो. पैसा मात्र पुढे विडीच्या धंद्यात वाढत जातो. म्हणून टीकाकार म्हणतो, श्रम मजुराचे, तर नफाही त्याचाच. हे पहिले गृहीत. मार्क्सच्या 1867 सालच्या 'भांडवल' ग्रंथाचा पायाही श्रममूल्याचाच आहे. पण पैसा अडकवणे, माल वाहून नेणे, पावसात पाने सडण्याची जोखीम घेणे, याला काहीच मोल नाही काय? आहे म्हटले, की खरा प्रश्न पुढे येतो: नफा किती, आणि मजुराला दुसरे गिऱ्हाईक होते का? नसेल, तर "सौदा खुशीचा आहे" हे व्यापाऱ्याचे गृहीतही लंगडेच.

दुसरे गृहीत असे, की व्यापारी हटला आणि सरकार आले म्हणजे न्याय झाला. महाराष्ट्र सरकारने 1969 च्या कायद्याने तेंदूच्या व्यापाराचा मक्ता आपल्याकडे घेतला. मक्ता मोडला नाही, त्याचे हात बदलले. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानात राहणाऱ्यांचा मालकी हक्क मानला, आणि 2013 पासून गोंदिया-गडचिरोलीतील काही ग्रामसभा पत्ता स्वतः विकू लागल्या. व्यापारी राहिलाच, पण आता गावही सौद्याला बसले.

तिसरे गृहीत, मजूर सारे एक. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना शिरकाव नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर मजुरांना त्याचा विटाळ वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत म्हणूनच कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. याच बाबासाहेबांनी 1954 साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता.

तेव्हा गुरुजींनो, वर्गात असे भाषण वाचायला आले, तर मुलांना तीन प्रश्न विचारायला लावा. अन्याय म्हणता, तो कशाच्या तुलनेत? ठेकेदार गेला तर त्याच्या जागी कोण बसणार? आणि 'मजूर' म्हणताना कोणाला वगळले? या प्रश्नांनी टीका दुबळी होत नाही. उलट, पान तोडणाऱ्याच्या हाती चार पैसे अधिक पडायचे, तर ते अशाच तपासून घेतलेल्या टीकेने पडतील.