गळका हंडा आणि बाळाचे पोट

लहान मुलाला जुलाब सुरू झाले, की घरातले कुणीतरी हमखास सांगते, ‘‘आता त्याला पाणी देऊ नका, जाईल तेवढे बाहेरच पडेल.’’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि तर्कही सरळ असतो. गळक्या हंड्यात पाणी कशाला ओतायचे? पण मंडळी, आतडे म्हणजे हंडा नव्हे. जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. म्हणजे पाणी तोडणे हा उपाय नसून अपायच आहे.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. विशेष म्हणजे कॉलऱ्यासारख्या आजारातही हे दार उघडेच असते.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधील बनगावला आले, तेव्हा कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोड्याचे पाणी पिंपांत भरून ठेवले. नातेवाईकच ते रुग्णांना पाजू लागले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

व्यवहारी शहाणपण आणखी दोनदा फसवते. एक, ‘थोडी साखर चांगली, तर जास्त अधिक चांगली’. प्रत्यक्षात जादा साखर अंगातलेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. दुसरे, ‘जुलाब थांबले नाहीत, म्हणजे औषध लागू पडले नाही’. हे पाणी जुलाब थांबवण्यासाठी नाहीच. ते जीव वाचवण्यासाठी आहे.

तेव्हा ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी. पुडी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे आणि घोटघोट पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर तडक दवाखाना गाठावा. आणि वाटेतही पाणी पाजणे थांबवू नये.