टिटवी आणि माळटिटवी

फलटण तालुक्यांत टिटवीचा आवाज न ऐकलेला शेतकरी विरळा. परंतु आपल्या रानांत टिटव्या दोन जातींच्या आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. दोहोंचे पाय लांब व पिवळे, पाठ मातकट आणि पोट पांढरें. त्यामुळें दुरून घोटाळा होतो.

नेहमींच्या टिटवीच्या डोळ्यापुढें तांबड्या मांसाची गांठ असते. गळा व छाती काळी, आणि चोंच तांबडी असून टोंकाशीं काळी. माळटिटवी आकारानें कांहींशी लहान. तिची गांठ हळदीसारखी पिवळी, डोक्यावर काळी टोपी व टोपीखालीं पांढरी कड. छाती मात्र मातीच्याच रंगाची. टिटवी मोठा गलका करते. माळटिटवीचा आवाज बारीक व तीक्ष्ण असतो.

खरा भेद राहणीचा आहे. टिटवीला पाण्याचा शेजार आवडतो. नीरेचा कांठ, पाट, तळीं, भिजलेलीं शेतें हीं तिचीं ठिकाणें. माळटिटवीला कोरडा, खुरट्या गवताचा माळ लागतो; भारतीय उपखंडाबाहेर तिची वस्ती नाहीं. म्हणून नीरा उजव्या कालव्यानें जेथें बागाईत झाली, तेथें पहिलीची सोय झाली, आणि दुसरीस महादेव डोंगराकडील जिराईत माळ तेवढे उरले. पडीक समजून तेही मोडले, तर तिनें जावें कोठें?

दोघीही उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून बहुधा चार अंडीं घालतात. अंडीं खड्यांच्या रंगाचीं व काळ्या ठिपक्यांचीं असल्यानें सहज दिसत नाहींत. कडक उन्हांत टिटवी पोटाचीं पिसें भिजवून आणते व अंडीं गार ठेवते. टिटवी देखील समुद्र आटविते, अशी आपली म्हण आहे. परंतु नांगराच्या फाळापुढें तिचें कांहीं चालत नाहीं. वीण उन्हाळ्यांत असते, आणि नांगरट व कुळवणीही त्याच दिवसांत येतात.

ह्या पक्ष्यांचें मुख्य अन्न किडे, भुंगेरे व वाळवी हें होय. तेव्हां ते शेतकऱ्याचे मित्रच आहेत. नांगरतांना पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडूं लागल्यास औत थांबवून जमीन न्याहाळावी. घरटें दिसल्यास बाजूला खूण करून तेवढा तुकडा सुमारें महिनाभर सोडावा. पिलें अंड्यांतून निघाल्यावर थोड्याच वेळांत चालूं लागतात. मग तो तुकडा खुशाल नांगरावा.

रात्रीं टिटवी ओरडली म्हणजे अशुभ, असें कित्येक मानतात. घरट्याजवळ कोल्हा, कुत्रें किंवा माणूस आलें, एवढाच त्या ओरडण्याचा बहुधा अर्थ असतो.