आयपीएल मशीनने माझ्या हनुवटीला नकार का दिला? चेहऱ्यावरचे केस आणि लेझरमागचं तंत्र

मोबाईल आणि ॲप बाजूला ठेवून आज एका वेगळ्याच गॅजेटबद्दल लिहितेय. विषय थोडा लाजायचा वाटतो, पण पार्लरच्या रांगेत आपण सगळ्याच बसतो, मग बोलायला काय हरकत आहे?

माझ्या हनुवटीवर बावीसाव्या वर्षापासून जाड, काळे केस येतात. दर दहा दिवसांनी थ्रेडिंग. कंटाळून एका ऑनलाईन सेलमध्ये घरगुती आयपीएल मशीन मागवलं. हनुवटीला टेकवलं तर नुसता लाल दिवा लुकलुकला, फ्लॅश काही पडेना. तेच दंडाच्या आतल्या बाजूला लावलं की लगेच चमकलं. मला वाटलं मशीन बिघडलंय, म्हणून परत पाठवलं. आणि एका पार्लरमधलं स्वस्तातलं "लेझर पॅकेज" घेतलं. दुसऱ्याच सिटिंगला हनुवटी भाजली. तपकिरी डाग पाच महिने राहिले. केस निदान उपटता तरी येत होते, डागांचं काय करणार?

मशीन बिघडलेलं नव्हतंच, ते मला वाचवत होतं. हे पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं.

प्रकाशाने केस कसा जातो?

उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरची काळी सीट आठवा. बसवत नाही इतकी तापते, कारण काळा रंग प्रकाश जास्त शोषतो. केसातल्या मेलॅनिनचंही तसंच आहे. प्रकाशाचा झोत पडला की मेलॅनिन तापतं, ती उष्णता मुळापर्यंत जाते आणि केस उगवणाऱ्या पेशींना इजा होते. आजूबाजूची त्वचा तापायच्या आत झोत थांबला पाहिजे, ही यातली खरी खुबी. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी हे तत्त्व 1983 मध्ये मांडलं.

आता अडचण अशी, की मेलॅनिन आपल्या त्वचेतही असतं. आपल्याकडचा सावळा, गव्हाळ रंग त्याचाच. प्रकाशाला केस कुठला आणि त्वचा कुठली हे कळत नाही, त्याला फक्त मेलॅनिन दिसतं. म्हणून चांगल्या घरगुती मशीनमध्ये त्वचेचा रंग मोजणारा सेन्सर असतो. त्वचा ठरावीक मर्यादेपेक्षा गडद वाटली तर तो फ्लॅश सोडूच देत नाही. उन्हात फिरून माझा चेहरा दंडापेक्षा काळवंडलेला होता, एवढंच कारण!

आयपीएल म्हणजे लेझर नाही

आपली फसगत होते ती इथेच. आयपीएल हा एक तीव्र दिवा आहे. साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरपर्यंतचा मिसळलेला प्रकाश तो सोडतो आणि फिल्टरने त्यातला काही भाग अडवतात. लेझरमध्ये एकच तरंगलांबी असते. अलेक्झांड्राइटची 755, डायोडची साधारण 810, एनडी-यागची 1064. तरंगलांबी वाढते तसं मेलॅनिनचं शोषण कमी होतं आणि प्रकाश वरच्या थरात न अडकता खोल जातो. म्हणून गडद त्वचेसाठी 1064 वालं एनडी-याग जास्त सुरक्षित मानतात. मात्र बारीक, फिकट केसांवर ते तेवढं जोरात चालत नाही. माझं पार्लरमधलं "लेझर" आयपीएल निघालं. पैसे देण्याआधी "मशीन कुठलं, तरंगलांबी किती?" एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर सरळ उठा.

दुसरी चूक माझीच. सिटिंगच्या मध्ये थ्रेडिंग चालूच होतं. अहो, थ्रेडिंगने केस मुळासकट निघतो, मग प्रकाश तापवणार काय? आधी साधारण चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्स, प्लकर बंद. रेझर चालतो. रेझरने केस जाड होत नाहीत. टोक सपाट कापलं गेल्यामुळे फक्त राठ लागतात. शिवाय सगळे केस एकाच वेळी वाढीच्या टप्प्यात नसतात, म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात.

पांढऱ्या केसात मेलॅनिनच नसतं, तिथे लेझर निरुपयोगी. त्यासाठी इलेक्ट्रोलिसिस. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडतात. वेळखाऊ आणि दुखणारं, पण रंगाशी त्याचं काही देणंघेणं नाही. अमेरिकेची एफडीए "कायमचे केस काढणे" हा शब्द इलेक्ट्रोलिसिसलाच लावते, लेझरला फक्त "कायमची घट". पॅकेजच्या जाहिरातीत काय लिहिलंय ते आता पुन्हा वाचा.

डॉक्टरांनी मशीनला हात लावण्याआधी माझ्या पाळीबद्दल विचारलं. तपासणीत पीसीओएस निघालं. लेझर आहेत त्या केसांवर चालतं, नवे केस जाड करणारे हार्मोन्स तसेच राहतात. अशा वेळी चेहऱ्यावर लेझरने उलट केस वाढल्याचीही उदाहरणं आहेत. तेव्हा जाड केसांसोबत पाळी अनियमित असेल तर आधी डॉक्टर. केस अचानक भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर अजिबात थांबू नका.

सध्या माझं औषध चालू आहे आणि एनडी-यागची चार सिटिंग झालीत. केस निम्म्याहून कमी झालेत, उरलेल्यांना रेझर. सनस्क्रीन रोज लावते, कारण काळवंडले तर पुढची सिटिंग पुढे ढकलतात.