तिथीची पाऊणपट आणि भाट्याची वाळू

रत्नागिरीत मुलांना समुद्रावर न्यायचं ठरलं की घरात आधी प्रश्न निघतो, ‘कुठं जायचं?’ गणपतीपुळे, आरे-वारे, मांडवी की भाट्ये? पण घरात दोन, आठ आणि चौदा वर्षांची अशी तीन पोरं असतील, तर आधी ‘कधी जायचं?’ हे ठरवावं. एकच किनारा सकाळी आठला वेगळा असतो नि दुपारी दोनला वेगळा. आणि ही वेळ चक्क भिंतीवरच्या कॅलेंडरातून काढता येते!

किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांचा पिढीजात हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची.

हे जमतं कसं? पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईपर्यंत चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो. त्याच्या समोर यायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटं फिरावं लागतं, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. पंधरा तिथींच्या एका पक्षात ही वेळ १२ तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. आपली पाऊणपट सांगते ४५! सुमारे ३,८४,००० किलोमीटरवरच्या चंद्राची चाल तोंडी गणितात इतकी अचूक बसवलेली पाहून थक्क व्हायला होतं. राहिलेला तीन-तीन मिनिटांचा फरक साठत जातो खरा, पण पक्ष बदलला की मोजणीच नव्यानं सुरू होते. गावागणिक वेळ तासाभरानं मागेपुढे होते, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावंच.

आता तिन्ही पोरांचा विचार करू. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. ऐन दुपारी पाणी खूप वर चढतं आणि संध्याकाळी खूप मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असते. चढउतार कमी, पण ओहोटी नेमकी भर उन्हात. तिन्ही वयांना सोयीच्या ठरतात त्या चतुर्थी-पंचमीच्या सकाळी. संकष्टीला गणपतीपुळ्यात दर्शनाची गर्दी असते, तेव्हा शहराजवळचं भाट्ये बरं. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूच्या बनापुढे सपाट, लांबलचक किनारा लागतो. आठच्या सुमारास पोचावं. त्या वेळी ओहोटी संपत आलेली असते.

धाकट्याला मागे सरकलेल्या पाण्यानं उघडी टाकलेली ओली, घट्ट वाळू पुरते. तिथं पाय रुततो पण बुडत नाही. तरी मोठ्या माणसानं त्याच्यापासून हातभर अंतरावरच राहायचं.

मधल्याला गुडघ्यांवर बसवा आणि न हलता पाहायला सांगा. वाळूतल्या बारीक भोकातून एक इवलासा खेकडा बाहेर येतो. नांगीनं वाळू तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म अन्न गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून बाजूला टाकतो. पुन्हा पुढची. गोळ्यांच्या रेषा भोकापासून चहूबाजूंना फाकत जातात. सावली पडली की स्वारी गडप! हे सगळं जेवण त्याला पुढच्या भरतीपूर्वी उरकायचं असतं. याच मुलाला मांडवीच्या काळ्या वाळूवरही न्या, सोबत लोहचुंबक द्या. चुंबकाला काळे कण चिकटतात. ते लोहयुक्त खनिजांचे कण. खडक झिजतात, नद्या आणि लाटा हलके कण पुढे नेतात, जड कण मागे राहतात. रत्नदुर्ग किल्ल्याच्या दक्षिणेला हा मांडवीचा काळा समुद्र आणि उत्तरेला पांढरा समुद्र, मध्ये एकच डोंगर!

थोरल्याला लाटा हव्या असतात. त्यानं भरती लागेपर्यंत थांबायचं. ओहोटीच्या पाण्याला बाहेरची ओढ असते, आणि खाडीच्या मुखाशी ती फार जोरकस असते, म्हणून मुखापासून लांबच राहायचं. भरती लागल्यावरही कंबरेच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि सोबत मोठं माणूस हवंच. एक गोष्ट त्याला नीट समजावून सांगा. दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या लाटांच्या मधला शांत दिसणारा पट्टा फसवा असतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी बहुधा तिथूनच वेगानं परत जातं. त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता, आधी किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि मदतीसाठी हात वर करायचा. पावसाळ्यात तर कुणीच पाण्यात उतरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

ऊन तापलं की झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय गाठावं. तिथल्या देवमाशाच्या प्रचंड सांगाड्यापुढे तिन्ही वयांची मुलं सारखीच आ वासून उभी राहतात.

पुढच्या खेपेला दिवस ठरवायचं काम थोरल्याकडेच द्या. तिथी बघ, पाऊणपट कर, मग वेळापत्रकाशी ताडून पाहा. पाण्यात कधी उतरायचं आणि कधी नाही, हे ज्या मुलाला स्वतः काढता येतं, त्याला ‘लांब जाऊ नकोस’ असं काठावरून ओरडून सांगावं लागत नाही.