घरचे बियाणे, घरची गाणी : मोबाईलवरचे खुले म्युझिक प्लेअर मिळून कसे घडते

मंठा, परतूर किंवा घनसावंगीकडच्या एखाद्या आजोबांच्या मोबाईलमधले मेमरी कार्ड उघडून पाहा. त्यात गावच्या सप्ताहात कुणीतरी रेकॉर्ड केलेले काल्याचे कीर्तन सापडेल, काकड्याची भजने सापडतील, एखादे भारूड, जांब समर्थला म्हटलेली करुणाष्टके सापडतील. असे घरगुती ध्वनिमुद्रण गाण्यांच्या कुठल्या ऑनलाइन सेवेवर मिळत नाही. ते त्या कार्डात असते आणि फार तर चार पाहुण्यांच्या फोनमध्ये. कार्ड बिघडले की आवाज गेला.

म्हणून हा साठा वाजवणारे ॲप साधे, मराठी समजणारे आणि भरवशाचे हवे. फुकट मिळणाऱ्या अनेक ॲपमध्ये हरिपाठ मोडून मध्येच जाहिरात येते. दुसरा मार्ग आहे तो मुक्तस्रोत म्हणजे ओपन सोर्स ॲपचा. अशी ॲप जगभरातली माणसे एकत्र येऊन, बहुतेकदा बिनपैशाने घडवतात. त्यात जालना जिल्ह्यातल्या माणसालाही हात लावता येतो, आणि त्यासाठी प्रत्येकाला प्रोग्रामिंग यायला हवे असे नाही.

खुले ॲप म्हणजे काय

जालन्याला हे बियाण्याच्या भाषेत लगेच कळेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांची पेठ म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. संकरित बियाणे दर हंगामात नवे घ्यावे लागते. सोयाबीनसारख्या पिकाच्या सरळ वाणाचे बी मात्र शेतकरी घरी राखतो, गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासतो, पेरतो, शेजाऱ्याला देतो. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि वाटण्याचा हा हक्क मान्य केला आहे.

खुले ॲप हे असे घरचे बियाणे आहे. त्याचा मूळ कोड सर्वांसमोर असतो. तो वापरता येतो, वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो. या चार मोकळिकी परवान्यात लिहिलेल्या असतात. अनेक म्युझिक प्लेअर जीपीएल परवान्यावर चालतात. त्याची अट सोपी आहे : तुम्ही ॲप सुधारून लोकांना दिलेत, तर सुधारलेला कोडही त्याच अटींवर द्यायचा. अपाचे आणि एमआयटी हे परवाने सैल आहेत, त्यांत ही सक्ती नाही. हातभार लावण्याआधी प्रकल्पाचा परवाना वाचून घ्यावा, कारण तुमचे कामही त्याच अटींवर जगाकडे जाणार असते.

ॲप विकले गेले, तरी उरले

व्हीएलसी हे प्लेअर ॲप आपल्याकडे अनेक संगणकांवर दिसते. त्याची सुरुवात १९९६ मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. २००१ मध्ये ते जीपीएल परवान्यावर खुले झाले. पुढे ते अँड्रॉइडवर आले आणि आज ते गाणीही उत्तम वाजवते. फोनोग्राफ नावाच्या प्लेअरच्या कोडवरून दुसऱ्यांनी व्हिनिल हा वेगळा प्लेअर काढला. मूळ कोडाची प्रत घेऊन स्वतंत्र वाट धरणे याला ‘फोर्क’ म्हणतात. एका कणसाचे बी दुसऱ्या शिवारात पेरावे, तसे हे आहे.

फोर्कचे खरे मोल २०२३ च्या अखेरीस दिसले. सिंपल मोबाईल टूल्स या नावाने साध्या, जाहिरातमुक्त खुल्या ॲपचा एक संच लोकप्रिय होता. त्यात म्युझिक प्लेअरही होता. मूळ निर्मात्याने तो संच एका कंपनीला विकला. वापरणाऱ्यांना धास्ती वाटली. पण कोड जीपीएलवर होता. त्या प्रकल्पात आधीपासून हातभार लावणाऱ्या एका विकसकाने तो घेऊन ‘फॉसिफाय’ या नावाने काम पुढे चालू केले. नाव विकता आले, बियाणे मात्र लोकांकडेच राहिले. आपली कीर्तने ज्या ॲपच्या भरवशावर ठेवायची, त्याच्याकडून एवढी हमी मागायलाच हवी.

प्लेअरच्या पोटात काय असते

हातभार कुठे लावायचा हे कळण्यासाठी ॲपचे चार भाग ओळखू या.

पहिला भाग यादीचा. अँड्रॉइड फोनमधल्या ध्वनिफितींची ‘मीडियास्टोअर’ नावाची नोंदवही ठेवते. बहुतेक प्लेअर त्यातूनच गाणी, गायक, अल्बम उचलतात.

दुसरा भाग इंजिनाचा. फाईल उलगडून तिचा आवाज करणे हे त्याचे काम. अनेक ॲप गूगलचे खुले एक्सोप्लेअर वापरतात, व्हीएलसीचे इंजिन स्वतःचे आहे. एमपी३ वरची पेटंट २०१७ पर्यंत संपली, त्यामुळे ते वाजवायला आता अडथळा नाही. २०१२ मध्ये प्रमाणित झालेले ऑपस हे स्वरूपही खुले आहे. व्हॉट्सॲपवर आलेला आवाजी संदेश ऑपसमध्ये असतो. म्हणजे मावशीने म्हणून पाठवलेली जात्यावरची ओवी यादीत दिसायची, तर प्लेअरला ऑपस कळले पाहिजे.

तिसरा भाग ताब्याचा. फोन आला की गाणे थांबणे, लॉक केलेल्या पडद्यावरून पुढचे गाणे लावणे, ब्लूटूथ स्पीकरचे बटण ऐकणे, हे सारे तो सांभाळतो. चौथा भाग पडद्याचा : बटणे, रंग, अक्षरे.

मराठीची अडलेली कामे

या भागांत मराठीच्या काही अडचणी आहेत. परदेशातल्या विकसकाला त्या दिसणारच नाहीत. त्या आपणच दाखवायच्या आहेत.

शोध ही पहिली. ‘वारकऱ्यांचे भजन’ या नावातले ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठते. एका कीबोर्डवर ते वेगळ्या ‘ऱ’ ला हलन्त देऊन बनते. दुसऱ्यावर साध्या ‘र’ ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन बनते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधाला ते दोन निराळे शब्द वाटतात आणि भजन सापडत नाही. ‘ॲ’ चेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सांकेतिक यादीत, स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीपासून तो ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिला जातो, आणि आजही दोन्ही पद्धती चालू आहेत. उपाय छोटा आहे : तुलना करण्याआधी दोन्ही रूपे एकसारखी करून घ्यायची. मोजक्या ओळींचा कोड, पण त्याने प्रत्येक मराठी वापरकर्त्याची अडचण मिटते.

दुसरी अडचण फाईलच्या आतल्या नोंदीची. गाण्याचे नाव, गायक, अल्बम हे एमपी३ फाईलमध्ये ‘टॅग’ म्हणून लिहिलेले असते. टॅगच्या सर्वांत जुन्या पद्धतीत नावाला फक्त ३० बाइट जागा होती. आजच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. ‘विठ्ठल’ या एका शब्दात मात्रा आणि हलन्त धरून ६ चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट तिथेच गेले. त्यात युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये लिहिलेले टॅग पडद्यावर रोमन अक्षरांचा गुंता म्हणून उमटतात. टॅगच्या नव्या पद्धतीत युनिकोड आहे आणि लांबीची ती अडचणही नाही. म्हणून प्लेअरमध्येच टॅग दुरुस्त करण्याची सोय असली, तर जुना साठा सुधारता येतो.

तिसरी अडचण कीर्तनाच्या लांबीची. म्युझिक प्लेअर पाच मिनिटांचे गाणे डोळ्यांसमोर ठेवून बनतात. दोन तासांचे कीर्तन अर्ध्यावर थांबवले, मध्ये दुसरे काही लावले, तर ‘जिथे सोडले तिथून पुढे’ ही सोय हवी. पॉडकास्टच्या ॲपमध्ये ती सर्रास असते, गाण्यांच्या सगळ्याच ॲपमध्ये नसते. आपल्याकडच्या ऐकण्याची तऱ्हा समजावून सांगत अशी मागणी नोंदवली, तर विकसकाला तिची गरज पटते.

भाषांतर : कोड न लिहिता होणारे मोठे काम

अँड्रॉइडच्या मेनूंमध्ये मराठी आली ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून. पण प्रत्येक ॲपला आपली मराठी वेगळी लागते. ॲपमधली सगळी वाक्ये एका फाईलमध्ये असतात, मराठीसाठी त्याच फाईलची दुसरी प्रत करायची असते. बरेच प्रकल्प यासाठी वेबलेट वापरतात. हे स्वतःही एक खुले साधन आहे. समोर मूळ वाक्य दिसते, आपण त्याचे मराठी लिहायचे. मोबाईलवरूनही हे जमते.

इथे शब्द जपून निवडावेत. आपल्याकडे माणूस ‘गाणं लाव’ म्हणतो, म्हणून बटणावर ‘लावा’ शोभते. ‘प्लेलिस्ट’ आणि ‘अल्बम’ सर्वांना कळतात, त्यांना अवघड पर्याय घडवू नयेत. ‘क्यू’ला ‘रांग’ चालते. ‘शफल’ला ‘क्रम बदलून’ म्हटले तर पहिल्यांदा वापरणाऱ्यालाही समजते. ‘हटवा’पेक्षा ‘काढून टाका’ आपल्या तोंडचे आहे. संगणकावरचे नेहमीचे शब्द सगळीकडे सारखे असावेत यासाठी फ्युएल या प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या शब्दयाद्या केल्या आहेत. त्या हाताशी ठेवाव्यात.

अनेकवचनाकडे लक्ष द्यावे. ‘१ गाणे निवडले’ आणि ‘५ गाणी निवडली’ यांत नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात, म्हणून दोन्ही वाक्ये पूर्ण लिहावीत. आकडा जिथे बसणार असतो तिथे टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारी खूण असते. ती जशीच्या तशी ठेवावी, नाहीतर ॲप बंद पडू शकते. शेवटी ॲप उघडून पाहावे. मराठी शब्द बटणात कापला जातो आहे का, जोडाक्षरे तुटतात का? अक्षरे नीट दिसत नसतील, तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेल्या मुक्तासारखा खुल्या परवान्याचा फॉन्ट सुचवता येतो.

चूक कळवण्याची रीत

‘ॲप चालत नाही’ या तक्रारीतून कुणालाही काही दुरुस्त करता येत नाही. प्रकल्पाच्या ‘इश्यू’ या नोंदवहीत चूक अशी लिहावी :

फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, ॲपची आवृत्ती कोणती.
काय केले : ‘वारकऱ्यांचे’ असे शोधले. फाईलच्या नावात तोच शब्द आहे.
काय व्हायला हवे होते : फाईल दिसायला हवी होती.
काय झाले : यादी रिकामी आली.
सोबत : पडद्याचे चित्र आणि स्वतःच्या आवाजातली दहा सेकंदांची नमुना फाईल.

लिहिण्याआधी तीच चूक कुणी नोंदवली आहे का, ते पाहावे. एका नोंदीत एकच चूक लिहावी. इंग्रजी साधे असले तरी चालते, पायऱ्या स्पष्ट हव्यात. नवी आवृत्ती सर्वांना देण्याआधी ती स्वस्त फोनवर, गच्च भरलेल्या कार्डावर चालवून पाहणारी माणसेही प्रकल्पांना हवी असतात. गोणपाटातली उगवण चाचणीच ही, आणि ती करण्यासाठी लागणारे फोन आपल्याकडे घरोघरी आहेत.

कोड पाठवण्याची वाट

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी वाट ठरलेली आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये केलेले गिट हे साधन कोडातला प्रत्येक बदल कुणी, केव्हा, कशासाठी केला याची नोंद ठेवते. प्रकल्पाची प्रत आपल्या खात्यात घ्यायची, तिच्यात वेगळी शाखा काढायची, एकच छोटा बदल करायचा, तो तपासायचा आणि ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवायची. प्रकल्प सांभाळणारे तो वाचतात, शंका विचारतात, दुरुस्त्या सुचवतात, मग मूळ कोडात मिसळतात. पहिल्या प्रयत्नात दुरुस्त्या येणारच. त्या वाचताना जे शिकायला मिळते, ते पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

मोठे काम हाती घेण्याआधी विचारून घ्यावे. उत्तराला आठवडा लागला तर थांबावे, कारण सांभाळणारेही नोकरी किंवा शिक्षण करून रात्री हे काम करत असतात. आजची बरीच ॲप कॉटलिन भाषेत लिहिलेली आहेत. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅमचा संगणक लागतो. तो घरी नसेल, तर महाविद्यालयाची प्रयोगशाळा उपयोगी पडते.

गाण्यांचा हक्क वेगळा

ॲप खुले आहे म्हणून गाणी खुली होत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर ६० वर्षे. करुणाष्टकांसारखी समर्थांची रचना सर्वांची आहे, पण कालपरवा निघालेल्या तिच्या अल्बमवर निर्मात्याचा हक्क आहे. म्हणून चाचणीसाठी पाठवायची फाईल स्वतः रेकॉर्ड केलेली असावी. गावच्या कीर्तनाची फीत वाटायची असेल, तर आधी महाराजांना विचारावे.

सुरुवात कोठून

चार जण पुरे. भाषा चांगली असलेले एक गुरुजी, प्रोग्रामिंग शिकणारी एक मुलगी, फोनची दुकानदारी करणारा एक जण आणि रोज भजन ऐकणारे एक आजोबा. एफ-ड्रॉइड या २०१० पासून चालणाऱ्या खुल्या ॲपच्या भांडारातून एखादा प्लेअर उतरवून घ्या. आजोबांचे कार्ड त्यात लावा आणि ते कुठे अडखळतात ते शेजारी बसून पाहा. गुरुजी शब्द सुचवतील, दुकानदार जुन्या फोनवर तपासेल, मुलगी नोंद लिहील आणि पुढे कधीतरी कोडही पाठवेल. तिने शोधाची ती एक चूक दुरुस्त केली, तर ॲपच्या पुढच्या आवृत्तीबरोबर ती दुरुस्ती सोलापूर, बेळगाव आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही पोचेल. तिथेही कुणीतरी आपल्या आजोबांचे भजन शोधत असेल, आणि ते सापडेल.