शिळ्या पावाचा मान

रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी आमच्याकडे फोडणीची पोळी ठरलेली. पोर्तुगालच्या दक्षिणेला, अलेन्तेजो प्रांतातल्या एव्होरा गावी मला तिची आठवण आली, ती एका म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात. खलबत्त्यात त्यांनी लसूण, जाडं मीठ आणि मूठभर कोथिंबीर घातली. हिरवागार गोळा होईपर्यंत कुटलं, वाडग्यात काढलं, वर ऑलिव्हचं तेल सोडलं. शेजारी उकळत्या पाण्यात अंडी अलगद फोडून सोडली होती. ती शिजली, तसं तेच पाणी वाडग्यात ओतलं आणि चार दिवसांच्या पावाचे हाताने तोडलेले तुकडे त्यात टाकले. वर अंडं. एवढंच. या पदार्थाला म्हणतात आसोर्दा.

हा शब्द मुळात अरबी; रश्श्यात कुस्करलेल्या भाकरीचा. आठव्या शतकापासून सुमारे पाचशे वर्षं पोर्तुगालच्या दक्षिण भागावर मुस्लिम सत्ता होती आणि तिची खूण ताटात राहिली. कोथिंबिरीचंही तसंच. उत्तर पोर्तुगालमध्ये रश्श्यावर पार्सली पडते. कोथिंबिरीवर जीव टाकावा तो दक्षिणेनेच.

पण आसोर्दा जगली ती गरिबीमुळे. अलेन्तेजो म्हणजे गव्हाचं कोठार, पण जमीन मोजक्या बड्या जमीनदारांची. पेरणी-कापणीला राबणाऱ्या भूमिहीन मजुरांच्या वाट्याला पाव, लसूण, थोडं तेल आणि बांधावरचा पाला. तिथला पाव आंबवणाचा, जाड सालीचा, आठवडाभर टिकणारा. तो कडक झाला की रश्श्यात किंवा तेल-लसणावर परतून ‘मिगाश’मध्ये जायचा. आज लिस्बनच्या उंची हॉटेलांत आसोर्दा कोळंबी घालून मिळते. चविष्ट असते, पण माझं मन त्या बिनकोळंबीच्या वाडग्यातच अडकलं आहे.

पाव पुन्हा भेटतो ईशान्येला, मिरांदेला गावच्या अल्येइरा या सॉसेजमध्ये. १४९६ साली राजा मानुएलने ज्यूंना देश सोडायचा हुकूम दिला आणि पुढच्याच वर्षी हजारोंना सक्तीने ख्रिस्ती केलं. घरात डुकराच्या मांसाची सॉसेजं टांगलेली नसली की शेजाऱ्यांना संशय यायचा. म्हणून या लोकांनी कोंबडीचं मांस, पाव आणि लसूण भरून हुबेहूब तशीच सॉसेजं केली, असं तिथे सांगतात. आता त्यात डुकराचं मांसही सर्रास असतं.

पोर्तुगालचा लाडका मासा मात्र त्याच्या स्वतःच्या समुद्रात नाही. बाकाल्याऊ म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. त्यासाठी माणसं न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडपर्यंत जात. मोठ्या जहाजावरून एकेक माणूस एकेका लहान होडीत उतरायचा आणि धुक्यात, गळाच्या दोरीवर एकटाच दिवस काढायचा. ही पद्धत थेट १९७४ पर्यंत चालली. कोकणातल्या सुक्या मासळीची सवय असलेल्यालाही या फळीसारख्या कडक तुकड्याचं नवल वाटतं. दोनेक दिवस पाणी बदलत भिजवला की तो फुलून पांढरा होतो. नाताळच्या आदल्या रात्री तो बटाटे, कोबीची पानं आणि अंडी यांच्यासोबत उकडून, वर तेल ओतून खातात. उरलेलं सगळं दुसऱ्या दिवशी लसणावर परततात. या पदार्थाचं नाव आहे ‘रोपा व्हेल्या’, म्हणजे जुने कपडे!

गोडाचीही तीच तऱ्हा. मठांमध्ये अंड्याचा पांढरा भाग कपड्यांच्या खळीला आणि वाइन नितळ करायला लागे. उरलेल्या पिवळ्या बलकांतून मठांची मिठाई घडली. १८३४ मध्ये मठ बंद झाले. लिस्बनच्या बेलेम भागातल्या जेरोनिमोस मठाची कृती बाहेर आली आणि १८३७ पासून तिथल्या दुकानात खरपूस डागांच्या त्या कस्टर्डच्या वाट्या विकल्या जात आहेत.

पाव हा आपला शब्दही पोर्तुगालचाच, आणि गोव्यात सायकलचा भोंगा वाजवत येणारा पाववाला ‘पोदेर’ही. वाइन आणि लसणात मुरवलेलं मदेरा बेटावरचं नाताळचं डुक्कर गोव्यात माडाच्या व्हिनेगरात आणि मिरचीत मुरलं आणि विंदालू झालं. त्यातला ‘आलू’ बटाटा नव्हे, लसूण आहे.

पोर्तुगालमध्ये नाताळात त्याच शिळ्या पावाचे जाड काप दुधात भिजवून, अंड्यात बुडवून तळतात आणि वर साखर-दालचिनी भुरभुरवतात. त्याचं एक जुनं नाव ‘बाळंतिणीचे काप’. आपल्याकडे अळिवाचे लाडू, तसे तिथे ओल्या बाळंतिणीला दूध यावं म्हणून हे काप देत.