घाट एक, चढाचे आकडे अनेक

सायकलने माळशेज घाट उतरून पुन्हा जुन्नरकडे चढायचं, तर दोन ॲप एकूण चढाचे दोन आकडे देतात. अनेक ॲपच्या उंचीनकाशामागे फेब्रुवारी २००० मधली अवकाशयानातली रडार-मोजणी असते. तिचा एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा. माळशेजचा रस्ता कड्यात कोरलेला, म्हणून एकाच चौकोनात कडा, रस्ता आणि दरी मिसळतात. सपाट वळणावरही खोटा चढ जमा होतो. तो गाळायला गेलं, की घोडेगाव-डिंभे-भीमाशंकर रस्त्यावरचे खरे छोटे चढही गळतात. हवेच्या दाबावर चालणारं उपकरण जास्त भरवशाचं, हे मान्य. पण ढगाळ दिवशी दाब एक हेक्टोपास्कलने उतरला, तर उभ्या सायकललाही ते आठ-नऊ मीटर चढवतं. त्यामुळे मार्गांची तुलना करताना ॲप एकच ठेवावं.